न लागणारी गोळी

मुलांनो, डोळे मिटू नका. कल्पना करायची म्हटलं की आपण आधी डोळे मिटतो, पण ही गोष्ट उघड्या डोळ्यांनीच ऐकायची आहे.

तर अशी कल्पना करा, की दिल्लीला खेटून असलेलं नोएडा अजून पुरतं बांधून झालेलं नाही. सेक्टरांना नंबर पडलेत, पण अर्ध्या सेक्टरांत घरांऐवजी किकरची, म्हणजे बाभळीची, झुडपंच आहेत. गच्च्यांवरून केबल टीव्हीच्या नव्या काळ्या वायरी लोंबताहेत. फेब्रुवारीतला रविवार आहे, ऊन हवंहवंसं वाटतंय, आणि एका मोकळ्या प्लॉटवर पांढऱ्या शामियान्याखाली माणसांची ही दाटी झाली आहे! साहेब लोक मारुती गाड्यांतून आलेत, आजूबाजूच्या खेड्यांतले लोक ट्रॅक्टरमधून. समोर एका दोरीला चहाचे मातीचे कुल्हड टांगले आहेत. मखमली खुर्चीवर कवचवाले बाबा बसले आहेत, आणि त्यांचा चेला छऱ्याची बंदूक घेऊन उभा आहे.

"कोई भी आओ! अपने हाथ से छर्रा दो!" बाबा गरजले.

एका जाडजूड गृहस्थाने डबीतला एक छर्रा उचलून दिला. चेल्याने बंदूक मधोमध वाकवून तो आत घातला, नेम धरला. फट्! कुल्हडाच्या ठिकऱ्या उडाल्या.

मग बाबांनी दुसऱ्या कुल्हडाला काळ्या दोऱ्यातला ताईत बांधला. "अब सब आँखें बंद! नाम लो!" ढोलकी वाजली, शेकडो डोळे मिटले. ढोलकी थांबली, डोळे उघडले, चेल्याने चाप ओढला. टिक! छर्रा कुल्हडावर आपटून मातीत पडला. कुल्हडाला साधा तडासुद्धा गेला नाही.

"जिसके गले में यह कवच," बाबा हात उंचावून म्हणाले, "उसे न बंदूक की गोली लगेगी, न डॉक्टर की गोली लगेगी!"

लोक हसले, टाळ्या पडल्या, जयजयकार झाला. पण तिसऱ्या रांगेतली एक बाई हसली नाही. तिने शेजारी बसलेल्या आपल्या मुलाचा हात घट्ट धरला. मराठीतही गोळी दोन तऱ्हांनीच लागते: बंदुकीची अंगाला लागते, औषधाची रोज घ्यायला लागते. आणि त्या बाईला दुसरी तऱ्हा फार जवळून ठाऊक होती.

तिचं नाव कुमुद. नवरा राजीव दिल्लीत केंद्र सरकारच्या एका खात्यात होता. सकाळी चार्टर्ड बसने जायचा, दिवेलागणीला परतायचा. थोरली उत्तरा अकरा वर्षांची, धाकटा सुधन्वा सात वर्षांचा. आदल्या वर्षी सुधन्वाचा घसा दुखला, मग ताप येऊन गुडघे सुजले, आणि डॉक्टरांनी सांगितलं, की या तापाची नजर हृदयावर असते. पुन्हा घसा बिघडू नये म्हणून रोज सकाळ-संध्याकाळ पेनिसिलिनची एक-एक गोळी द्यायची.

"किती दिवस?" कुमुदने विचारलं होतं.

"दिवस नाही हो. मोठा होईपर्यंत."

त्या दिवसापासून कुमुदचं प्रत्येक दिवसाचं पहिलं काम आणि शेवटचं काम एकच झालं होतं. पोरगा हसत असला तरी तिला गोळी दिसायची. म्हणून त्या रविवारी घरी येताच तिने बाबांकडून आणलेला ताईत सुधन्वाच्या गळ्यात घातला आणि गोळ्यांचं पाकीट गोदरेजच्या कपाटात वरच्या खणात ठेवून दिलं.

"आई, पण डॉक्टर?" उत्तराने विचारलं.

"बंदुकीची गोळी अडवतो तो ताईत, तुझ्या डोळ्यांदेखत. ताप अडवणार नाही?"

राजीव वर्तमानपत्रामागून म्हणाला, "थोडे दिवस गोळी देतच राहू या की."

"तुम्ही द्याल? बसमधून?" कुमुदने विचारलं, आणि वर्तमानपत्र पुन्हा वर झालं.

वरच्या मजल्यावर शांतारामकाका राहत. आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवून ते निवृत्त झाले होते, आणि आता सेक्टरमधल्या मुलांना छऱ्याच्या बंदुकीने नेमबाजी शिकवत. 'नळी माणसाकडे कधीही नाही, रिकामी असली तरी नाही' हा त्यांचा पहिला धडा, आणि तो चुकला की महिनाभर बंदुकीला हात लावायला मिळत नसे. त्यांच्या जावयाने परदेशातून एक नवं यंत्र आणलं होतं. बुटाच्या खोक्याएवढा डबा, वर दोन काचेचे डोळे, आणि एका बाजूला आकडे दाखवणारी पट्टी.

"हे छऱ्याचा वेग मोजतं," काका गच्चीवर उत्तराला म्हणाले. "छर्रा पहिल्या डोळ्यावरून गेला की घड्याळ सुरू, दुसऱ्यावरून गेला की बंद. पुढचं गणित ते स्वतःच करतं."

पहिल्या बारानंतर पट्टीवर काहीच आलं नाही. दुसऱ्यांदाही नाही.

"काका, खराब आहे यार ही मशीन."

"हे यंत्र. आणि यार मी नव्हे," काका म्हणाले. "डोक्यावर ऊन असलं की आपले डोळे दिपतात ना? त्याचेही दिपले." त्यांनी डब्यावर थर्माकोलचा पांढरा तक्ता आडवा धरायला लावला. पुन्हा बार. पट्टीवर १४८. मग १५१. मग १४९.

"सेकंदाला एवढे मीटर! पण दर वेळी वेगळा आकडा?"

"थोडा फरक पडणारच. खूप पडला, तर कारण शोधायचं."

उत्तराने पट्टीवरचा आकडा पुन्हा वाचला. मग हळूच म्हणाली, "काका, तावीज गोळी कुठे अडवतो? नळीत, की तावीजपाशी?"

काकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. इतक्या वर्षांत इतका चांगला प्रश्न त्यांना फार थोड्या मुलांनी विचारला होता.

"ताईतात शक्ती असेल," ते म्हणाले, "तर छर्रा नळीतून नेहमीच्याच वेगाने निघेल आणि ताईतापाशी येऊन थांबेल. आणि नळीतूनच रांगत निघाला, तर?"

"तर तावीजने काही केलंच नाही!"

ती धडाधड जिने उतरून आईपाशी गेली. सुधन्वाचा घसा दोन दिवसांपासून दुखत होता, आणि कुमुद त्याला हळदीचं दूध देत होती.

"आई, यंत्राने खोटं ठरवलं तर गोळी सुरू करशील?"

कुमुदने मुलाच्या गळ्यातल्या काळ्या दोऱ्याकडे पाहिलं. "करीन," ती म्हणाली. "पण खरं ठरलं, तर पुन्हा विचारायचं नाही."

पुढच्या रविवारी काका यंत्र घेऊन बाबांच्या दरबारात, त्याच शामियान्यात गेले. बाबांना वाटलं, हे कुठल्या वर्तमानपत्राचे. "मशीन? लगाओ, लगाओ! चमत्कार को मशीन का क्या डर?" बंदूक आणि कुल्हड यांच्यामध्ये, स्टुलावर डबा ठेवला गेला. पांढऱ्या शामियान्याखालचा उजेड यंत्राला अगदी हवा तसा होता.

पहिला बार. कुल्हड फुटला. पट्टीवर १५१.

"आँखें बंद! नाम लो!" ढोलकी. ताईत. दुसरा बार. टिक! पट्टीवर ४२.

काका उभे राहिले आणि शांतपणे, जमलेल्यांना कळेल अशा हिंदीत म्हणाले, "छर्रा तावीज़ तक पहुँचा ही नहीं था, उससे पहले ही धीमा था. नली से ही धीमा निकला."

कुमुदने मुलाच्या गळ्यातल्या दोऱ्याला हात घातला. आणि मग बाबा खो-खो हसले.

"अरे मास्टरजी! आपकी मशीन ने तो गवाही दे दी! हमने गोली नहीं रोकी, हमने तो बंदूक ही बाँध दी!"

असा जयजयकार झाला, की ढोलकीही ऐकू येईना. उत्तरा बाकावर चढून जीव तोडून ओरडली, "तो काका की बंदूक बाँधकर दिखाओ!"

"बेटी, भगवान की परीक्षा नहीं लेते," बाबा मधाळ आवाजात म्हणाले, आणि दोन सेवकांनी स्टूल अलगद उचलून बाहेर नेऊन ठेवलं.

घरी जाताना कुमुद एवढंच म्हणाली, "यंत्रानेसुद्धा साक्ष दिली." उत्तराला पुन्हा विचारायची मुभा उरली नव्हती.

पण काकांना प्रश्न विचारायला तिला मुभा होती. "त्यांनी सांगितलं म्हणून बंदूक बांधली जात नाही," काका म्हणाले. "वेग खूप पडला. कारण शोधायचं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची; दोन बदलल्या, तर कोणामुळे काय झालं ते कळत नाही."

संध्याकाळी शाळा सुटली की दोघं गच्चीवर. हलका छर्रा घातला, वेग वाढला. जड घातला, थोडा उतरला. छर्रा चेपून पाहिला, भिजवून पाहिला. एकशे वीसच्या खाली काही आकडा जाईना. शिवाय दरबारात छर्रा तर लोकांच्याच हातचा होता.

"मग राहिली बंदूक," काका म्हणाले. "हिच्यात छर्रा कोण ढकलतं?"

"हवा. स्प्रिंगने दाबलेली." उत्तराने बंदूक वाकवली. जिथे नळी मागच्या भागाला येऊन भिडते, तिथे एक छोटं चामड्याचं कडं बसवलेलं होतं. "हे काय?"

"वॉशर. सांध्यातून हवा निसटू नये म्हणून. तुमच्या कुकरला रबरी रिंग असते ना..."

"रिंग सैल असली, की आईच्या कुकरला शिट्टीच होत नाही!" उत्तरा ओरडली, आणि पुढचं काही ऐकायच्या आत तिने केसांतल्या पिनेने ते कडं उचकटून काढलं.

काकांनी नेम धरला. बार झाला, आणि काकांच्या गळ्यातला मफलर फडकन त्यांच्या तोंडावर आला. सांध्यातून हवा सुटली होती. पट्टीवर ४३.

"त्या चेल्याचे केस!" उत्तरा म्हणाली. "दुसऱ्या बाराला त्याची झुलपं अशीच उडाली होती. मी पाहिलंय! पहिल्या बाराला नाही उडाली."

डोळे मिटून नाव घ्यायला का सांगत, ते आता दोघांनाही कळलं होतं. सगळे डोळे मिटलेले असताना चेल्याने अंगठ्याच्या नखाने कडं काढायचं, एवढंच. मंत्र नाही, तंत्र नाही, कवच नाही. बोटाच्या पेराएवढं चामडं.

ते कडं मुठीत धरून उत्तरा तीन-तीन पायऱ्या गाळत खाली आली. पहिल्या मजल्याच्या वळणावर सुधन्वा भिंतीला टेकून बसला होता. अंगणातून वर निघाला होता, अर्ध्यावरच थांबला होता. गुडघे सुजून लाल झाले होते, आणि बसल्या जागी तो धापा टाकत होता.

"ताई, जिना संपतच नाही," तो म्हणाला.

इस्पितळात डॉक्टरांनी बराच वेळ त्याच्या छातीवर नळी ठेवून ऐकलं. मग कुमुदकडे न बघता विचारलं, "रोजची गोळी चालू होती ना?"

कुमुदने सुधन्वाच्या अंगावरची चादर सारखी केली. राजीव म्हणाला, "मध्यंतरी बंद झाली."

ताप उतरेल, सांध्यांची सूज जाईल, असं डॉक्टरांनी सांगितलं. पण हृदयातली एक झडप आता नीट मिटत नव्हती. तिची भरपाई ताईतही करणार नव्हता आणि गोळीही. पुढे कधीतरी ऑपरेशन. आणि धावणं, फुटबॉल वगैरे आता नाहीच.

बाहेरच्या बाकावर उत्तराने आईला मूठ उघडून दाखवली आणि सगळं सांगितलं. कुकरची रिंग, मफलर, चेल्याचे केस. कुमुद त्या कड्याकडे पाहत राहिली.

"इतकंसं?" ती म्हणाली.

"हो, आई."

"मला वाटलं होतं, एवढं मोठं काहीतरी असेल..." तिने ते कडं दोन बोटांत उचलून धरलं. "निदान फसायला तरी मोठं काहीतरी हवं होतं गं."

नर्सने सलाइन लावण्यासाठी सुधन्वाच्या गळ्यातला दोरा कापला होता. तो कुणी उचलला नाही. सफाईवालीने झाडून नेला.

त्यानंतरच्या रविवारी शांतारामकाकांनी दरबाराच्या वाटेवर, रस्त्याच्या कडेला स्टूल मांडलं. कुल्हड टांगले, यंत्र ठेवलं. पहिला कुल्हड फोडला. दुसऱ्याला उत्तराची लाल रिबीन बांधली, सगळ्यांसमोर, डोळे उघडे ठेवायला सांगून, वॉशर काढला आणि बार केला. टिक! छर्रा खाली पडला. मग वॉशर लावला, आणि तोच कुल्हड रिबिनीसकट उडवला.

गर्दी हसली. "रिबन वाले बाबा!" कुणीतरी ओरडलं. काही जणांनी गळ्यातले ताईत तिथेच काढले. काही जण खांदे उडवून पुढे गेले. एक म्हातारी तर वाकून काकांच्याच पाया पडली. काकांनी तिला उठवलं, वॉशर तिच्या तळहातावर ठेवला आणि समजावलं. तिने तो कपाळाला लावला.

मुलांनो, अशा वेळी राग येतो. पण ती म्हातारी मूर्ख नव्हती आणि कुमुदही नव्हती. दुखणं मोठं असलं, की माणूस मोठा आधार शोधतो, आणि लबाड माणूस नेमका तिथेच दुकान मांडतो. म्हणून कुणी चमत्कार दाखवला, तर भांडू नका, विचारा. डोळे का मिटायचे? तुमच्याच बंदुकीने का? माझ्या हाताने होईल का? खऱ्या गोष्टीला प्रश्नांचा त्रास होत नाही. आणि उत्तर मिळेपर्यंत, काही झालं तरी, औषध सोडू नका.

काका सामान आवरू लागले, तेव्हा उत्तरा शेजारी नव्हती. ती शामियान्याच्या दाराशी, ताईत घ्यायला उभ्या असलेल्या बायकांच्या रांगेच्या टोकाला गेली होती. कडेवर मूल असलेल्या एका बाईच्या पदराला तिने हात लावला. "आंटी," ती म्हणाली, "इसकी कोई दवाई चल रही है? उसे बंद मत करना."

बाईने तिला हाताने बाजूला सारलं. उत्तराने डोळे पुसले आणि ती रांगेतल्या पुढच्या बाईकडे गेली.