माय बघून

"हिची माय कोन हाय? पुढं या."

रामलिंग सरांनी लुंबिनीकडं बोट करून हाक मारली आणि धुरपताबाईनं आपल्या धाकट्या बहिणीला, चांगुणाला, हळूच पुढं ढकललं. पुढं जायचं होतं खरं तर तिनं स्वतः.

नांदेडच्या मैदानावर लिंबाखाली चार जिल्ह्यांचे प्रशिक्षक बसले होते. मुलींच्या हॉकी लीगसाठी पाळीपाळीनं एकेक खेळाडू उचलायचा, अशी पद्धत होती. बाकीचे तयार पोरी घेत होते. लातूरचे रामलिंग सर मात्र कच्च्या पोरी घेऊन तीन वर्षांत उंचापुरा संघ उभा करायला निघाले होते. "तयार म्हैस दुसऱ्याच्या खोडी घेऊन येती. लहान वगार घ्यावी, अन् माय बघून घ्यावी," असं ते चारचौघांत सांगत. पोरींसमोरही सांगत.

सरांची ही तऱ्हा उदगीरपर्यंत पोचली होती. तिथल्या मोंढ्यात धुरपताबाई धान्य चाळायची. मुळात बुटकी, त्यात पाठीला बाक आलेला. तिच्या लेकीच्या, लुंबिनीच्या, हातात स्टिक आली की पोरगी वाऱ्यासारखी पळायची, पण अंगकाठी आईची. चांगुणा मात्र ताडमाड. म्हणून आदल्या दिवशी धुरपताबाईनंच डोकं चालवलं होतं, "आजच्यापुरती तू माय हो."

"जरा चालून दाखवा," सर म्हणाले. चांगुणा चालली. त्यांनी तिला मान वळवून वळवून पाहिलं, बाजारात पाहतात तसं, आणि म्हणाले, "घेतली. अन् ह्या कोन?"

लुंबिनीनं मायकडं पाहिलं. धुरपताबाईच म्हणाली, "मी मावशी."

माय मरो पण मावशी जगो, असं लोक म्हणतात. तिनं आपल्या हातानं माय मारली होती, पण तिला वाटलं, एका दिवसाचं तर सोंग हाय.

सोंग काही संपलं नाही. लातूरच्या वसतिगृहात पालक म्हणून चांगुणालाच बोलावणं यायचं. धुरपताबाई भाकरी आणि शेंगाची चटणी बांधून मागून जायची. सुरुवातीला लुंबिनी चारचौघींत "मावशी" म्हणायची आणि नळाच्या आडोशाला नेऊन तिला घट्ट धरायची. दिवाळीनंतर नळाकडं जाणं बंद झालं. "तुझी मम्मी काय उंच हाय गं," असं मैत्रिणी म्हणायच्या आणि लुंबिनीला ते आवडायला लागलं होतं.

दुसऱ्या वर्षी खेळाडूंच्या मातांचा सत्कार झाला. चांगुणाला साडी-चोळी आणि नारळ मिळाला. कार्यक्रम संपला तसं कुणीतरी धुरपताबाईच्या हातात झाडू दिला, "मावशी, तेवढं झाडून घ्या." मावशी म्हटल्यावर झाडणारीच असणार, दुसरं कोण? लुंबिनी समोरच उभी होती. तिनं पाहिलं आणि मैत्रिणीशी बोलत राहिली. धुरपताबाईला राग आला, फार आला. तरी तिनं सगळा मंडप झाडून काढला.

तिसऱ्या वर्षी सरांनी चांगुणाला बोलावून घेतलं. धुरपताबाईही मागून गेली.

"हिला संघातून काढायलोय," ते चांगुणाला म्हणाले. "जागा मोकळी पाहिजे. देगलूरची एक लांब पोरगी मिळायलीय."

"सर, खेळ बघा की तिचा," धुरपताबाई मध्येच बोलली. "गोल तर हीच करती."

"मावशी, तुम्ही मधी बोलू नका. मायला बोलू द्या."

चांगुणानं बहिणीकडं पाहिलं. खरं काय ते तिच्या ओठावर आलं होतं. धुरपताबाईनं डोळ्यांनीच तिला दाबलं. खोटं उघडं पडलं असतं तर पोरीला पुढं कोणत्याच संघानं दारात उभं केलं नसतं. चांगुणा खाली बघत म्हणाली, "आता तुमी म्हनाल तसं."

"मला तरी काय हौस हाय? तीन वर्षं पोसली, बोटभर वाढली न्हाई. माय एवढी खांबासारखी असून." सरांची नजर धुरपताबाईवर गेली आणि त्यांना हसू आलं. "मावशीवर गेली, दुसरं काय."

तिथं असलेले सगळेच हसले. लुंबिनी हसली नाही. तिनं धुरपताबाईकडं असं पाहिलं, की बाईनं पदर सारखा करायचं निमित्त करून मान फिरवली.

तिघी बसस्टँडवर आल्या. तिथं ओळखीचं कुणीच नव्हतं. लुंबिनीच्या खांद्यावर कपड्यांची बॅग आणि स्टिक होती.

"दे गं, मी घेते," धुरपताबाई म्हणाली.

"राहू द्या, मावशी."

चांगुणा दचकली. "लुंबे, इथं कोन ऐकायलंय? माय म्हन की तिला."

लुंबिनी चांगुणाच्या पलीकडं जाऊन उभी राहिली.

उदगीरची गाडी लागली. धुरपताबाई गर्दीतून वाट काढत आधी आत शिरली आणि दोघींची जागा धरली. त्या येऊन बसल्यावर ती उठली. वरच्या दांडीला तिचा हात पुरत नव्हता, म्हणून लुंबिनीच्या सीटची कड धरून ती उभी राहिली.