पेडल थरथरले तेव्हा

मित्रांनो, वहीएवढी, कोपऱ्यावर पोचा आलेली एक जुनी काळी पेटी, एवढेच माझे रूप. माझी जागा गाडीच्या बॉनेटखाली, त्यामुळे मला सहसा कुणी पाहत नाही. ब्रेक जोरात दाबला की चाके जागीच अडकू नयेत, हे माझे काम. चाक फिरायचे थांबले आणि गाडी घसरतच राहिली, तर स्टिअरिंग कितीही फिरवा, गाडी ऐकत नाही. म्हणून मी चाकावरचा दाब क्षणभर सोडते, पुन्हा धरू देते, पुन्हा सोडते. पापणी लवेपर्यंत हे दोन-तीनदा होऊन जाते.

मला घडवणारी इंजिनिअर मोठी चिवट बाई. तिने माझ्यात आधी भरलेले गणित कोरड्या डांबरावर फक्कड चालले, पण ओल्या फरशीवर माझी पार फजिती झाली. तिचे साहेब हसून म्हणाले, "अहो, तुमची पेटी एकाच रस्त्याची लाडकी लेक आहे!"

ती हिरमुसली नाही. टायर नवे असतील की झिजलेले, गाडीत एक माणूस असेल की बारा, रस्ता खडबडीत असेल की शेवाळलेला, हे मला आधी कोण सांगणार? तिने नेमका आकडा शोधायचा नाद सोडला आणि वाईटात वाईट काय होऊ शकेल, त्याची हद्द आखली. त्या हद्दीत काहीही घडो, माझा तोल जाणार नाही, असे गणित तिने बसवले. आपल्याला काय ठाऊक नाही हे कबूल करून इतके पक्के काही बांधता येते, याचे मला आजही नवल वाटते.

मग शेवटची चाचणी आली. डावी चाके साबणपाण्याच्या फरशीवर, उजवी कोरड्या डांबरावर. ही जमली नाही तर मी कायमची अडगळीत जाणार होते. गाडी चालवायला होते कंपनीचे सगळ्यात जुने ड्रायव्हर, म्हणजे इंजिनिअरबाईंचे वडीलच.

ब्रेक लागला, मी कामाला लागले, पेडल थरथरले आणि गाडी रस्त्यावर मांडलेले लाल कोन उडवत भलतीच पुढे गेली.

"पेटी फसली," साहेब म्हणाले.

इंजिनिअरने नोंदींचा आलेख उघडला आणि तिला खरे कारण दिसले. पेडल थरथरताच पाय उचलला गेला होता. जुन्या गाड्यांत चाक अडकले की ब्रेक सोडून पुन्हा मारायचा, ही त्या पायाची तीस वर्षांची सवय. आता चारचौघांत बापाची चूक सांगायची, की मला अडगळीत जाऊ द्यायचे?

"बाबा, पाय तुम्ही उचललात," ती अखेर म्हणाली.

बाबांचा चेहरा उतरला. "पेडल हादरलं गं. मला वाटलं, काहीतरी तुटलं. तीस वर्षांत माझ्या पायानं कुणाला खरचटलंसुद्धा नाही, पोरी."

"ते हादरणं म्हणजे पेटीचं काम चालू असणं. सोडायचं ती बघेल. तुम्ही फक्त दाबून धरा."

ते पुन्हा गाडीत बसले आणि शेजारचे दार उघडून म्हणाले, "मग ये, बस. भरवसा आहे ना तुझ्या पेटीवर?"

ती बसली आणि तिने पट्टा लावला.

या वेळी पेडलबरोबर त्यांचा पायही थरथरत होता. दाबावरून मला ते कळत होते. पण तो उचलला गेला नाही. एकीकडे पकड जवळजवळ नव्हतीच, दुसरीकडे भरपूर. प्रत्येक चाकाखाली तळहाताएवढे रबर काय ते रस्त्याला टेकलेले, आणि त्यावर बापलेकीचा जीव! गाडी सरळ रेषेत, एकही कोन न पाडता थांबली. मी अगदी भारावून गेले.

आज माझ्यापेक्षा लहान आणि हुशार पेट्या आल्या आहेत. मी गाडीतून निघून कंपनीच्या फळीवर आले आहे, माझ्यावर धूळ साचते, वाईटही वाटते. पण मित्रांनो, माझ्या भावंडांची आबाळ करू नका. चाकाजवळची त्यांची तार चिखलाने माखू देऊ नका. त्यांचा बिघाड सांगणारा स्टिअरिंगसमोरचा पिवळा दिवा लागला, तर त्यावर चिकटपट्टी लावून मोकळे होऊ नका.

बाबा आता नव्या ड्रायव्हरांना शिकवतात. पहिल्या दिवशी ते मला हातात घेतात, तेव्हा सगळ्यांना वाटते, आता पेटीची माहिती सुरू होणार. ते घसा खाकरतात आणि म्हणतात, "आधी माझी चूक सांगतो."