काट्याच्या फायलीतली सही

ग्रॅमताईंना नोकरी गेल्याचं दुःख होतंच, पण त्याहून जास्त राग होता 'ऊर्जावान' या शब्दाचा. गेल्या आठ महिन्यांत वाचलेल्या प्रत्येक जाहिरातीत तो होता. ऊर्जावान उमेदवार पाहिजे. वजनकाटे तपासायला काय धावत सुटायचं असतं?

वजनकाटे तपासणं हे त्यांचं काम. कारखान्यांतले, दवाखान्यांतले, सोनारांचे काटे बरोबर वजन दाखवतात की नाही ते पाहायचं, चूक असेल तर शेरा मारायचा आणि खाली सही ठोकायची. एकाच प्रयोगशाळेत त्यांनी सत्तावीस वर्षं हे केलं. अर्ध्या ग्रॅमवरून मालकांशी हुज्जत घालायच्या, म्हणून लोक त्यांना ग्रॅमताई म्हणू लागले, आणि खरं सांगायचं तर त्यांनाही ते आवडायचं. मग प्रयोगशाळेला टाळं लागलं आणि बावन्नाव्या वर्षी ताई अर्ज करायला बसल्या. अकरा ठिकाणी केले. नकार आला असता तरी चाललं असतं, पण कुणी साधं उत्तरही दिलं नाही.

शेवटी लेकीने एक कन्सल्टंट गाठून दिला, कंपन्यांना माणसं शोधून देणारा. लेक स्वतः तीन नोकऱ्या बदललेली, त्यामुळे या बाबतीत आईची आई झाली होती.

"आई, त्याला पैसे कंपनी देते, तू नाही. म्हणजे तो कंपनीचा माणूस, गोड बोलला तरी हे डोक्यात ठेव. आणि तुझा बायोडेटा कुठेही पाठवायच्या आधी त्याच्याकडून प्रत मागून घे. काय पाठवतोय ते स्वतःच्या डोळ्यांनी वाच. विसरू नकोस हं."

ताई विसरल्या. आठ महिने फोनकडे डोळे लावून बसलेलं माणूस फोन वाजल्यावर आणखी काय करणार?

"ताई, औषधांच्या कारखान्यात जागा आहे, अगदी तुमच्यासाठीच," कन्सल्टंट म्हणाला. "उद्या दहा वाजता पोचा. बायोडेटा मी जरा आटोपशीर केलाय. काही विचारलं तर हो म्हणायचं."

"आटोपशीर म्हणजे?"

"अहो, ते माझ्यावर सोडा!"

ताईंनी सोडलं. दुसऱ्या दिवशी दहाला पाच कमी असताना त्या कारखान्यात, क्वालिटी विभागाच्या मॅडमसमोर बसल्या होत्या. मॅडम चाळिशीच्या, चष्मा डोक्यावर चढवलेला, टेबलावर कागदांचा डोंगर.

"चौदा वर्षांचा अनुभव," मॅडम कागद बघत म्हणाल्या. "छान. आम्हाला असंच कुणीतरी हवं होतं. बरोबर ना, चौदा?"

चौदा! ताईंच्या पायाखालची जमीन सरकली. त्या गृहस्थाने त्यांची तेरा वर्षं खुशाल उडवून टाकली होती. त्यांनी बोलायला तोंड उघडलं, पण त्यांना ती अकरा ठिकाणं आठवली. ही बारावी जागा. यानंतर तेरावी कुठून आणायची?

ताईंनी मान डोलावली. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी चुकीच्या वजनाला बरोबर म्हटलं होतं, आणि त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

"चला, आमचं दुखणं दाखवते," म्हणत मॅडमनी पुठ्ठ्याला लावलेला बायोडेटा उचलला आणि त्यांना वजनाच्या खोलीत नेलं. जाड दगडी ओट्यावर काचेच्या पेटीतला नाजूक काटा होता. "सकाळी नीट चालतो. दुपारी एसी वाढवला की आकडे नाचायला लागतात. दोनदा दुरुस्त करून झाला. ही त्याची फाइल."

अशा कारखान्यांत प्रत्येक काट्याची वेगळी फाइल असते, आणून बसवला त्या दिवसापासूनच्या सगळ्या तपासण्यांची. ताईंनी पहिलं पान उघडलं आणि त्या थबकल्या. खाली तिरकी, ठसठशीत सही होती. त्यांचीच. एकोणीस वर्षांपूर्वीची. शेकडो कारखाने पालथे घातलेल्या बाईला हा आठवला नव्हता, पण स्वतःचं अक्षर कसं विसरणार? सहीच्या वर शेरा होता: 'छतावरच्या जाळीतून हवेचा झोत थेट काट्यावर येतो. ओटा समोरच्या भिंतीकडे हलवावा.'

त्याखाली अठरा वर्षांच्या तपासण्या, वेगवेगळ्या हातांच्या. ठीक. ठीक. ठीक. ठीक.

चौदा वर्षांच्या अनुभवाची बाई एकोणीस वर्षांपूर्वी सही करू शकत नाही. पान उलटलं असतं तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. ताईंचं बोट पानाच्या कोपऱ्यावर गेलंही. आणि मग त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. नेमकी हीच वर्षं कापली होती त्या शहाण्याने!

"ही सही माझी आहे," त्या म्हणाल्या.

मॅडमनी चष्मा डोळ्यांवर ओढला. तारीख पाहिली, मग बायोडेटा पाहिला. "हे कसं शक्य आहे?"

"तुमच्या हातातला कागद खोटा आहे. तो मी लिहिला नाही, पण मघाशी मान मी डोलावली, ती चूक माझी. सत्तावीस वर्षं काम केलंय. वय बावन्न. घ्यायचं तर पूर्ण घ्या, कापून मिळणार नाही."

मॅडम लालबुंद झाल्या. "पंचेचाळिशीच्या आतलेच पाठवा, असं मीच सांगितलं होतं त्यांना."

"मग बोलवा पंचेचाळिशीच्या आतल्यांना. ते अजून एकदा 'ठीक' लिहितील." ताईंचा आवाज आता खोलीबाहेर जात होता. "एसी वाढवा."

"काय?"

"पूर्ण वाढवा म्हणते."

मॅडमनी वाढवला. दोन मिनिटांत आकडे नाचू लागले. ताईंनी मॅडमच्या हातातला बायोडेटा पुठ्ठ्यासकट काढून घेतला, चवड्यांवर उभ्या राहिल्या आणि तो छताच्या जाळीखाली आडवा धरला. आकडे रेंगाळले, अडखळले आणि थांबले. पुठ्ठा बाजूला केला, नाच सुरू. धरला, गप्प.

"तेवढ्याच कामाचा आहे हा कागद," ताई म्हणाल्या.

तेवढ्यात पर्समधला फोन वाजला. मॅडमच्या देखतच त्यांनी तो उचलला.

"ताई, झालं का? हो म्हणालात ना सगळ्याला?"

"एकदा म्हणाले, ते परत घेतलंय. आणि ऐका, यापुढे माझ्या नावाचा कागद कुठेही पाठवायच्या आधी मला वाचायला द्यायचा. सत्तावीसातलं एक वर्ष जरी कमी दिसलं तर दुसरी उमेदवार शोधा." त्यांनी फोन बंद केला आणि पर्स उचलली. इथली नोकरी आता मिळत नाही हे त्यांना माहीतच होतं, आणि तरी आठ महिन्यांत इतकं मोकळं कधी वाटलं नव्हतं.

मॅडम अजून ते 'ठीक, ठीक' वाचत होत्या. यातल्या शेवटच्या सहा सह्यांखाली त्यांनी स्वतःच मंजुरी दिली होती. त्यांनी फाइल ताईंकडे सरकवली आणि वर पेन ठेवलं.

"सोमवारपासून या. वय, वर्षं, सगळं खरं लिहून घेते मी. आजच्या तपासणीखाली तुमची सही करा."

ताईंनी पेन परत केलं.

"आधी ओटा हलवा," त्या म्हणाल्या.