हवा कुठून शिरली

गेनबाचा पहिला फटका चिमाजीच्या कानाखाली बसला, दुसरा तोंडावर. तिसऱ्याला चिमाजी अंगणात उभ्या असलेल्या मोटारसायकलीशेजारी आडवा झाला.

"बोल! काय करून ठेवलंस गाडीला? भावाचा पाय मोडला माज्या!"

"म्या काय बी केलं न्हाई. रबर गेलंय तिचं."

"रबर म्हनं!" गेनबाने बरगडीत लाथ घातली.

गेनबाचा थोरला भाऊ रखमाजी ओसरीवर बसला होता, पायाला कामट्या बांधून. काल विंझरच्या उतारावर त्याने वेगाची मूठ सोडली तरी इंजिन धावतच राहिले आणि तो गाडीसकट ओढ्यात गेला. लष्कराच्या लिलावातली ती जुनी गाडी शेवटची दुरुस्त केली होती चिमाजीने. शिवाय चिमाजी बौद्धवाड्यातला. गेल्याच महिन्यात बौद्धवाड्यातल्या बायांनी गावविहिरीवर घागरी भरल्या होत्या आणि त्याची बायको रतनबाई सगळ्यांत पुढे होती. पुरावा म्हणून गावाला एवढे पुष्कळ झाले. आमच्या गावाला शहाणपण सुचायला वर्षे लागतात, संशय मात्र बसल्या जागी सुचतो.

जमलेल्या गर्दीतल्या दोघांनी चिमाजीचा उजवा हात दगडावर दाबून धरला. गेनबाने त्याच्याच पिशवीतली हातोडी काढली.

"खरं सांग. न्हाईतर या हातानं परत पाना धरायचा न्हाईस."

नसरापूरच्या रस्त्याकडेला बारा वर्षे गाड्या खोलून त्या हाताने घर चालवले होते. चिमाजी घाबरला, चांगलाच घाबरला.

"एक डाव गाडी चालू करू द्या, अण्णा," तो ओसरीकडे बघून म्हणाला. "तुमच्यासमोर दावतो."

"करू दे," रखमाजी म्हणाला.

तिसऱ्या किकला इंजिन लागले आणि कोणी मूठ पिळलेली नसताना बोंबलू लागले. चिमाजीने कार्बोरेटर आणि इंजिन यांच्यामधल्या रबरी नळीवर बोट ठेवले. रबर वाळून कडक झाले होते, वरच्या अंगाला बारीक चिरा होत्या.

"हितनं जादा हवा शिरती. मग मूठ सोडली तरी इंजिन खाली येत न्हाई. चिरेवर चार थेंब पानी सोडा. चीर बुजली की आवाज उतरंल."

"पानी पायजे त्याला!" कोणीतरी ओरडले. "आजून बी पानीच!"

गेनबाने हातोडीचा दांडा त्याच्या तोंडावर हाणला. चिमाजी गाडीवर ओणवा पडला. फुटलेल्या ओठातून रक्त नळीवर ठिबकू लागले, आणि इंजिनाचा आवाज उतरला.

सगळ्यांनी ऐकले. रक्त आत ओढले गेले, तशी गाडी पुन्हा बोंबलली. चिमाजीने ओठ पुसला नाही. तोंड मुद्दाम चिरेवर धरून त्याने आणखी रक्त सांडले. आवाज पुन्हा उतरला. गेनबाचा हात आपसूक खाली आला.

रखमाजीला हे नवीन नव्हते. रबर गेलेय, बदला, असे चिमाजीने दिवाळीतच सांगितले होते. पुण्याहून नवी नळीही आणली होती. रखमाजी म्हणाला होता, "बघू पुढं." आता तो मान वर न करता म्हणाला, "बसव मग."

चिमाजीने गाडी बंद केली. एक डोळा सुजून मिटला होता. चाचपडत त्याने पिशवीतली नवी नळी बसवली, दोन्ही पट्ट्या आवळल्या, किक मारली. इंजिन शांत, एका लयीत चालू लागले.

"गडी कारागीर हाय हां!" गर्दीतला एकजण म्हणाला आणि चारजण हसले. मारणाऱ्यांनाच हलके वाटू लागले होते. मारापेक्षा मला चीड येते ती या हसण्याची.

"आता म्हना," चिमाजी म्हणाला.

"काय म्हनायचं?" गेनबा.

"चिमाजीनं केलं न्हाई, आसं म्हना. अण्णा, दिवाळीला म्या काय बोललो ते सांगा या समद्यांला."

गाडी चालूच होती. गेनबा जमिनीकडे बघत राहिला. रखमाजीने पायाच्या कामट्या उगाच नीट केल्या. चिमाजी हँडल धरून वाट बघत उभा राहिला, बराच वेळ.

मग त्याने दोन्ही पट्ट्या ढिल्या केल्या आणि नळी ओढून काढली. इंजिन एकदा गुरगुरले आणि बंद पडले. नळी पिशवीत टाकून तो फाटकाकडे निघाला.

"आरं चिमाजी," मागून रखमाजी ओरडला, "नळी तरी ठिवून जा!"

चिमाजी बरगडी धरून चालत राहिला.