ओच्यातले दहा दाणे

शिनोलीच्या लंकाबाईचा घेवडा असा, की तो शिजायला लागला की भीमाशंकरची एसटी आपोआप दारात थांबायची. निदान ती तरी असंच सांगायची. बियाणं तिच्या आईचं, गावात दुसरीकडं कुठंच नव्हतं. उरलं होतं एक डबाभर. अठ्ठ्याण्णवच्या उन्हाळ्यात त्याच डब्यात भुंगे शिरले.

घोडेगावचे दुकानदार पारसशेठ म्हणाले, "डब्यात गोळी टाका. पण त्या खोलीत कुणी झोपू नका, वायू विषारी असतो."

"शेठ, आमचं घर म्हंजी एकच खोली. त्यात दीड महिन्याची नात!"

मग सून रुपालीच म्हणाली, "आत्या, आमच्या राजुरीला काळ्या कागदात घालून उन्हात तापवत्यात. भुंगा मरतो, बी वाचतं. पर दोनच तास. जास्त तापलं तर उगवत नाय."

दुसऱ्या दिवशी भर बाराला तिनं खळ्यावर प्लॅस्टिकचा काळा कागद अंथरला, दाणे पसरले, वर दुसरा कागद टाकून कडेनं दगड ठेवले. तेवढ्यात बाळ रडलं. पाजायला म्हणून रुपाली आडवी झाली अन् रात्रीच्या जागरणानं तिचा डोळा लागला, तो चार वाजता उघडला.

धावत जाऊन कागद उचलला. भुंगे सगळे उताणे. पण दाण्यांचा हाताला चटका बसत होता.

"आत्या, तुमच्या आईचं बी मी मारलं वो!" तिला रडू आवरेना.

"गप ये येडे. माझ्या आईनं हेच बी एकदा तव्यावर भाजलं व्हतं, तरी सकाळी चुलीतनं वेल वर!"

लंकाबाईनं दहा दाणे मोजून ओल्या फडक्यात बांधले, पुरचुंडी लुगड्याच्या ओच्यात खोचली. "माझ्या पोटाला ऊब लई. तुझा नवरा बी हितंच उगवला."

चार दिवस ती फडकं ओलं करत हिंडली, झोपेत कूस बदलली नाही.

पाचव्या दिवशी सकाळी लंकाबाईनं उंबऱ्यावर बसून फडकं उलगडलं. दुधाच्या दातांसारखे पांढरे कोंब. रुपालीनं मोजले. सहा.

"अन् बाकीचे चार?"

"ते व्हय? भूक लागली, खाल्ले मी."

रुपालीनं सासूच्या तोंडाकडं पाहिलं. त्यात औषधालाही दात नव्हता. ती सासूच्या मांडीला टेकून बसली.

जूनमध्ये तिनं प्रत्येक आळ्यात दोन-दोन दाणे घातले. बांधावर नातीला घेऊन बसलेली लंकाबाई ओरडली, "अगं, दोन कशाला?"

"एक तुमाला खायला, आत्या!"