सणाला घुमणारी गाडी

मखमलाबादच्या सावळीरामच्या टेम्पोच्या अंगात यायचं. एरवी गाडी गाईसारखी गरीब. कोबी भरा, कोथिंबीर भरा, मुकाट्याने पंचवटीच्या बाजारात नेऊन सोडायची. पण दसरा आला, लक्ष्मीपूजन आलं, गुढीपाडवा आला, की मळ्यातून निघून डांबरी लागायचा अवकाश, ही घुमायला लागायची. नाकाडातून वाफेचा असा लोट उठायचा की नदीच्या पलीकडच्या तीरावरची माणसं म्हणे ढग आले समजून वाळत घातलेले कपडे काढायला धावायची. शेजारच्या चिमणाबाईने एकदा त्या वाफेवर अळूवड्या उकडल्या. ती अजून सांगते, आणि चिमणाबाई खोटं बोलत नाही. बोललीच तर तोंडी लावण्यापुरतं. सण सरून आठ-दहा दिवस झाले की गाडीच्या अंगातलं आपोआप उतरायचं.

लोकांना गंमत होती. भारतला नव्हती. भारत म्हणजे सावळीरामचा मुलगा, आणि तो आयटीआयात मोटार मेकॅनिकचं शिकत होता.

हे शिक्षणही सुखासुखी मिळालं नव्हतं. बारावीला भारतने गणिताकडे आणि गणिताने भारतकडे ढुंकूनही पाहिलं नाही, तेव्हा सावळीरामने सरळ त्याच्या हातात खुरपं दिलं होतं. मधे पडली ती नवसाबाई, सावळीरामची थोरली बहीण. मळ्यातल्या झेंडूचे हार गुंफणारी ती एकटी. तिने ऐन श्रावणात सुई-दोरा खाली ठेवला आणि ओट्यावर फतकल मारली. "सावळ्या, पोराचं नाव आयटीआयात पडत नाय तवर या घरात हार व्हनार नाय." फुलं टोपल्यांत सुकू लागली. तिसऱ्या दिवशी सावळीराम स्वतः भारतला सायकलवर डबलसीट बसवून सातपूरला घेऊन गेला. चढाला भारतने उतरून सायकल ढकलली, एवढंच.

तेव्हापासून आत्याचा शब्द भारतसाठी देवाच्या कौलासारखा.

पण गाडी काही ऐकेना. पहिल्या दसऱ्याला भारतने ती उघडली, पुन्हा जोडली आणि दोन नट उरवले. दिवाळीला पाण्याचा पंप बदलला. पाडव्याच्या आदल्या दिवशी रेडिएटर असा धुतला की त्यात तोंड बघून भांग पाडावा. तरी पाडव्याला गाडी घुमलीच. चिमणाबाई परात घेऊन तयारच होती.

सावळीरामने त्या दिवशी निकाल दिला. "मेकॅनिकचं काम न्हाई हे, भगताचं हाय. येत्या दसऱ्याला गाडी घुमली तर आयटीआय बंद. दुसऱ्या दिवशी खुरपं."

नवसाबाईने आपल्या परीने उपाय केला. गाडीच्या पूजेचा हार ती दर सणाला आदल्यापेक्षा जाड करत होती. भाच्याची अब्रू गाडीवर टांगलेली, म्हणून ती गाडीला जास्तच जीव लावून सजवायची.

खंडेनवमीला आयटीआयच्या वर्कशॉपमध्ये पाने, पकडी, हातोडे टेबलावर मांडून पूजा झाली. भारतने घरून आत्याच्या हातचा हार नेला होता, अजगराएवढा. तो त्याने सरावाच्या इंजिनाला पुढून, रेडिएटरच्या जाळीवर बांधला. तिथे शिकवणाऱ्या खैरनार सरांनी नारळ फोडला, इंजिन चालू केलं आणि प्रसाद वाटायला वळले. पेढा तोंडात जातो न जातो तोच उष्णतेचा काटा लालात.

खैरनार सर सटाण्याकडचे. वर्गात शुद्ध बोलायचे, पण संतापले की भाषा सरळ गावच्या एसटीत बसायची. "हाई काय शे रे, भारत? इंजिनले श्वास कसा येई?" त्यांनी इंजिन बंद केलं, हार सोडला आणि जाळीसमोर तळहात धरून दाखवला. "इथून वारा आत जातो, त्याने पाणी थंड होतं. तू त्याचं नाक बांधलंस, लेका!"

भारत बोटांवर सण मोजू लागला. सणाला हार बांधायचा. पूजेचा हार कुणी काढत नाही, तो वाळून आपोआप गळून पडायचा. आणि गळून पडला की अंगातलं उतरायचं!

आनंद सायकलवरून घरापर्यंत टिकला. ओट्यावर आत्या उद्याचा हार गुंफत बसली होती. नवरात्रभर उपास केलेली, बोटं पिवळी झालेली. "बघ भारत्या, आवंदा गाडीचं पार तोंड झाकतंय का न्हाई! देवी कशी शांत व्हत न्हाई बघते मी." ज्या बाईने आपल्यासाठी सुई खाली ठेवली, तिला हार खाली ठेव म्हणून कोणत्या तोंडाने सांगायचं? भारतने शब्द गिळला आणि वर पाणी प्यायला.

दसऱ्याच्या सकाळी पूजा झाली. हार बांधला. मागे झेंडूच्या पाट्या, त्यांच्यावर भारत. पुढे सावळीराम आणि नवसाबाई. डांबरी लागली आणि ओळखीचा वास आला. मग वाफ.

सावळीरामने गाडी कडेला घेतली. "झालं! मिळालं सर्टिफिकीट!" म्हणत तो रेडिएटरचं झाकण उघडायला धावला.

"आबा, हात लावू नका! भाजाल! निवू द्या आधी." भारतने त्याला मागे ओढलं. एवढं बोलून तोंड उघडलंच होतं, म्हणून उरलेलंही बाहेर पडलं. "आत्या, आपल्या मारुतीला हार घालतेस. कधी नाकावर बांधलास?"

"खुळा का काय? देव गुदमरंल की."

"गाडीचं नाक हीच जाळी गं. इथूनच वारा घेते ती."

जाळीतून वाफ सूं सूं करत होती.

"हाराला हात लावायचा नाय," सावळीराम गुरगुरला. "पूजेचा हाय. लोक काय म्हनतील?"

नवसाबाई खाली उतरली. हाराकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं, मग भाच्याच्या उतरलेल्या चेहऱ्याकडे. पदर खोचून तिने स्वतः गाठ सोडली. "बाई गं, चुकले," ती गाडीला म्हणाली, "सनासुदीला तुझं नाक बांधत व्हते आन वर तुलाच नावं ठेवत व्हते." तिने हार कपाळाला लावला आणि वर, काचेच्या माथ्यावर मुंडावळीसारखा बांधून घेतला. मग भारतकडे वळली. "तुला कवा कळलं?"

"काल."

"मंग काल का नाय बोलला, मुडद्या? मी काय तुला खाल्लं असतं? न बोलन्यासाठी घातला व्हय तुला शाळंत?"

गाडी निवली. भारतने पाणी भरलं. आणि दसऱ्याचा दिवस असूनही ती पंचवटीपर्यंत अशी गेली की सावळीरामला दोन वेळा खाली वाकून बघावं लागलं, चालू आहे की बंद. बाजारात पाट्या उतरवताना तो ज्याला त्याला सांगत होता, "हाराचंच व्हतं ते. मी कवाचा म्हनत व्हतो." खुरप्याचा विषय पुन्हा निघाला नाही. चिमणाबाईने मात्र वर्षभर अबोला धरला. अळूवड्यांची सोय गेली.

पुढे पेठ रोडला भारतचं गॅरेज झालं. उद्घाटन दोन हजार तीनच्या दसऱ्याला. नाशिक रोडहून खैरनार सर आले. भारतने आधी त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. मग आत्याला खुर्चीवर बसवून तिच्या गळ्यात हार घातला. तो त्याने स्वतः गुंफला होता, रात्रंदिवस बसून, बोटं भोसकून घेत. बेढब झाला होता आणि इतका जाड, की म्हातारी हनुवटीपासून कपाळापर्यंत त्यात बुडाली.

आतून आधी शिंक आली. मग दोन पिवळी बोटं बाहेर आली, त्यांनी हार ओढून खाली केला, आणि ओल्या डोळ्यांची नवसाबाई खैरनार सरांना म्हणाली, "काय हो मास्तर, यवढं शिकवलं, तरी पोरगं नाकच बांधतंय की!"