माझ्या कडेला लटकणारी पिशवी

मित्रांनो, माझे डावे चाक करकरते, त्यावरूनच माझे वय ओळखा. मी एक जुनी चाकांची खुर्ची आहे. आधी मी एका दवाखान्याच्या व्हरांड्यात होते. रोज नवा माणूस बसायचा, कुणाचे नावही कळायचे नाही. मग हिंदी मुलखातल्या माधवगंजात राजलक्ष्मीताईंच्या घरी आले आणि मला माझे माणूस मिळाले.

ताई शाळेत भूगोल शिकवत. स्कूटर घसरली आणि पाठीचा कणा वरच्या भागात दुखावला. हात शाबूत राहिले, पण छातीखालची जाणीव गेली. लघवी आपली आपण होईना, म्हणून मूत्रमार्गातून कायमची नळी घातली. तिची पिशवी माझ्या कडेला लटकू लागली.

दिवसभर बसून ती नळी नाजूक जागेला काचू लागली. बाजूने लघवी झिरपायची. जाड नळी घालून पाहिली, तर गळती वाढलीच. कपडे ओले होतील या धास्तीने ताईंनी पाणी पिणेच कमी केले. तिथेच चुकले. लघवी दाट झाली आणि नळीत आतून क्षार साचले.

एका दुपारी ताईंचे डोके भयंकर ठणकू लागले. चेहरा लालबुंद, कपाळावर घामाच्या धारा. त्यांचे यजमान विक्रमसिंह घाबरून त्यांना पलंगावर निजवू लागले. एका हाताने फोन धरून ते ताईंच्या डॉक्टर गरिमांना सारे सांगत होते.

“लिटाइए मत!” डॉक्टर ओरडल्याच. “बसवूनच ठेवा, रक्तदाब चढलाय. कपडे सैल करा, नळी कुठे मुडली तर नाही ना बघा.”

नळी सरळ होती, पिशवी मात्र कोरडी. डॉक्टर गल्लीतच राहत, धावत आल्या. तुंबलेली नळी बदलताच लघवी भडाभडा वाहिली आणि रक्तदाब उतरू लागला.

“कण्याला इतक्या वर मार असला की नळी तुंबताच रक्तदाब भडकतो, जिवावर बेततं,” त्या म्हणाल्या. “सिलिकॉनची नळी जास्त दिवस टिकेल, पण काचणं तेच राहील. दर काही तासांनी स्वतः नळी घालून लघवी काढणं सगळ्यात बरं, इन्फेक्शन कमी होतं. नाही तर छोटं ऑपरेशन करून बेंबीखालून पोटातून नळी.”

ताई आरसा धरून स्वतः नळी घालायला शिकल्या. घरात जमले. पण शाळेच्या स्वच्छतागृहाच्या दारात मीच अडकले; तिथे नळी घालणार कशी?

“नोकरी सोड ना,” विक्रमसिंह म्हणाले. “घरात काय कमी आहे?”

“भूगोल कमी आहे.”

“म्हणून पोटाला भोक पाडून घेणार? काही गडबड झाली तर?”

“होऊ शकते. आतड्याला इजा होऊ शकते, डॉक्टरांनी लपवलं नाही. पण अहो, हे माझं शरीर आहे. मला ठरवू द्या.”

विक्रमसिंहांनी वाकून माझा ब्रेक तपासला. मग म्हणाले, “ठीक है. मी सोबत येतो.”

ऑपरेशन नीट पार पडले. काचणे थांबले, बसल्या जागी नळी बदलता येऊ लागली. पण सगळेच सुरळीत झाले असे नाही. एकदा ताप चढला, एकदा ती नळीही तुंबली. मात्र आता ताई भरपूर पाणी पितात आणि विक्रमसिंह पिशवीवर नजर ठेवतात.

ऑपरेशननंतर शाळेतल्या पहिल्याच तासाला पुढच्या बाकावरच्या मुलीने माझ्या कडेला बोट दाखवले. “मॅडम, ये क्या है?”

माझ्या हातावरची ताईंची मूठ आवळली, मग सैल झाली.

“पेशाब की थैली है, बेटा. चोट लगी थी, इसलिए नली से निकलता है. और कुछ पूछना है?”

“नहीं, मॅडम.”

“तो बताओ, चंबल कहाँ से निकलती है?”

मित्रांनो, कुणाची खुर्ची ढकलाल तेव्हा नळी दुमडलेली नाही ना आणि पिशवी पोटापेक्षा खाली आहे ना, एवढे पाहा. बाकी काय हवे ते खुर्चीवर बसलेल्या माणसालाच विचारा.